कादंबरी एक सांगते, म्युझिकल दुसरंच : हे कुठून सुरू झालं

सोलापुरात असले म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारी परदेशी नाटकं, कुठली यायला, आपल्याकडं आधी पिक्चर येतो नाहीतर मोबाईलवर गाणी, आणि मग कुणीतरी मूळ कादंबरी वाचून येतं आणि म्हणतं अरे ह्यात तर भलतंच आहे. तर हे जुनंच आहे.

एडना फर्बरची 'शो बोट' कादंबरी १९२६ची, पुढच्याच वर्षी डिसेंबरात म्युझिकल होऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली. कादंबरीत नाटकाच्या बोटीचा मालक कॅप्टन अँडी नदीत बुडून मरतो, त्याच्या मुलीला, मॅग्नोलियाला, सोडून गेलेला नवरा परत येतच नाही. म्युझिकल लिहिणाऱ्या हॅमरस्टाइननं अँडीला जिवंत ठेवलं, वर नवराबायकोची म्हातारपणी गाठही घालून दिली.

'ले मिझराब्ल'ची गंमत मात्र वेगळी आहे. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्युगोची कादंबरी १८६२ची, अवाढव्य, वॉटर्लूच्या लढाईवर पानंच्या पानं, पॅरिसच्या गटारांवर आणखी. १९८०ला संगीतकार शोनबर्ग आणि गीतकार बुब्लील ह्यांनी पॅरिसला प्रयोग केला तेव्हा नायक वालज्याँ तुरुंगातून सुटतो, बिशपची चांदी चोरतो हे काहीच नव्हतं, डायरेक्ट गरीब कामगार बाई फाँतीन जिथं राबते त्या कारखान्यापासून सुरुवात, कारण फ्रेंच लोकांना गोष्ट आधीच माहिती. आपल्या हुतात्मा स्मृतिमंदिरात 'सौभद्र' लागलं तर सुभद्रा कृष्णाची कोण हे कोण सांगत बसतं की ओ? पण १९८५ला लंडनला नेताना तो सगळा भाग नव्यानं घालावा लागला, आणि आता जगभर तीच सुरुवात धरली जाते.

त्यातल्या एपोनीनला तर धुवून स्वच्छच केलीय. तिचं मारियुसवर एकतर्फी प्रेम, त्याचं कोझेतवर. कादंबरीत ती मारियुसला बॅरिकेडवर, म्हणजे बंडखोरांनी रस्त्यात उभारलेल्या अडथळ्यावर, पाठवते तेच दोघं एकदम मरू म्हणून, कोझेतचं पत्रही दाबून ठेवते आणि मरता मरता देते. म्युझिकलमधे उलट तीच मारियुसचं पत्र पोचवायला जाते, जे काम कादंबरीत गावरोश नावाच्या पोराचं. आणि तिच्या त्या फेमस 'ऑन माय ओन'ची चाल फ्रेंच प्रयोगात फाँतीनकडं होती! एवढं गाणं दिल्यावर प्रेक्षकानं तिच्यासाठी रडायला पाहिजे ना, मग ते दाबलेलं पत्र आड येतं. मला विचाराल तर ह्युगोचीच एपोनीन जास्त खरी वाटते.

'विकेड'मधेही तेच, मग्वायरच्या १९९५च्या कादंबरीत नायिका, हिरव्या रंगाची चेटकीण एल्फाबा, मरते, २००३च्या म्युझिकलमधे निसटून जाते. पण तिथं माझी तक्रार नाही, कादंबरीत तिची मैत्रीण ग्लिंडा पुढं पुढं बाजूलाच पडते आणि म्युझिकल उभं आहे ते त्या दोघींच्या मैत्रीवर.