विनिपेगमधील आदिवासी स्त्रियांच्या हत्या (२०२२)

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग येथे मार्च ते मे २०२२ या काळात चार आदिवासी स्त्रियांचे खून झाले. खुनी एकच, जेरेमी स्किबिकी. कॅनडात मात्र या प्रकरणाचा विषय निघाला की खुन्याआधी आठवतो तो शहराबाहेरचा कचरा डेपो, आणि तो उकरायचा की नाही यावरून झालेला वाद.

शब्दांबद्दल थोडे. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘रेड इंडियन’ हा शब्द त्या लोकांना अपमानास्पद वाटतो. ते स्वतःला आपापल्या राष्ट्राच्या नावाने, किंवा एकत्रितपणे ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणवतात. ‘मूलनिवासी’ या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचे राजकारण असल्याने येथे ‘आदिवासी’ हाच शब्द वापरला आहे.

१६ मे २०२२ रोजी नॉर्थ किल्डोनन भागात कचरापेट्या चाळणाऱ्या एका माणसाला मानवी अवशेष सापडले. ते रेबेका कॉन्टवा या २४ वर्षांच्या तरुणीचे होते. पोलिसांनी स्किबिकीला पकडले तेव्हा त्यांच्यासमोर हा एकच खून होता. चौकशीत मात्र त्याने आपण होऊन आणखी तीन खून कबूल केले. त्यांपैकी मॉर्गन हॅरिस (३९) आणि मार्सेडीस मायरन (२६) या दोघी लाँग प्लेन फर्स्ट नेशनच्या. चौथी, म्हणजे क्रमाने सर्वांत आधी मारली गेलेली स्त्री कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. निराधारांच्या निवाऱ्यांभोवती वावरणाऱ्या, घर नसलेल्या बायका तो हेरत असे. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचे वेड त्याच्या डोक्यात होते आणि खुनांमागे वंशद्वेष होता, हे पुढे न्यायालयात आले.

अनोळखी स्त्रीचा उल्लेख नुसता ‘अज्ञात’ म्हणून होऊ नये, यासाठी समाजातील वडीलधाऱ्यांनी तिला नाव दिले : मश्कोदे बिझिकी-इक्वे. ओजिब्वे भाषेत ‘मश्कोदे’ म्हणजे गवताळ माळ, ‘इक्वे’ म्हणजे बाई. ‘बिझिकी’चे इंग्रजीत बफेलो होते, पण आपली म्हैस डोळ्यांसमोर आणू नये, तो उत्तर अमेरिकेतला बायसन. तिची खूण म्हणून पोलिसांकडे दाखवण्याजोगे होते ते तिच्या जाकिटासारखे एक जाकीट : दोन्ही बाजूंनी घालता येणारे, टोपीला फर असलेले. त्याचे छायाचित्र त्यांनी प्रसिद्ध केले.

रेबेकाचे उरलेले अवशेष जून २०२२मध्ये ब्रेडी रोड डेपोत मिळाले. तेथे कचरा टाकणे लगेच थांबवता आले होते. हॅरिस आणि मायरन यांचे मृतदेह मात्र शहराच्या उत्तरेकडील प्रेअरी ग्रीन या खासगी डेपोत गेले असावेत, हे पोलिसांच्या लक्षात येईपर्यंत ३४ दिवस उलटले होते. दरम्यान त्या जागी सुमारे १०,००० गाड्या कचरा पडला. वर ओल्या चिकणमातीचा थर, मेलेल्या जनावरांचे अवशेष, ॲस्बेस्टॉस. डिसेंबर २०२२मध्ये पोलिसांनी शोध व्यवहार्य नसल्याचे जाहीर केले. हॅरिसच्या मुलींनी विचारलेला प्रश्न साधा होता : आमच्या आईला कचऱ्यातच ठेवणार का? गोऱ्या घरातली मुलगी असती तर हेच उत्तर मिळाले असते का, हा प्रश्न वेगळा विचारायची गरजच उरली नाही.

मॅनिटोबातील आदिवासी प्रमुखांच्या संघटनेने पुढाकार घेऊन केलेल्या अभ्यासाने २०२३मध्ये शोध शक्य असल्याचे सांगितले. खर्चाचा अंदाज ८.४ ते १८.४ कोटी डॉलर. प्रांताच्या पंतप्रधान हेदर स्टेफनसन यांनी कामगारांच्या आरोग्याला धोका असल्याचे कारण देत नकार दिला. जुलैमध्ये आंदोलकांनी ब्रेडी रोडचा रस्ता अडवला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्टेफनसन यांच्या पक्षाने या नकाराच्याच जाहिराती केल्या. मृतांच्या नातेवाइकांचे दुःख मतांसाठी फलकांवर लावण्याचा हा प्रकार होता, आणि तो पक्षाला भोवला. ऑक्टोबरमध्ये सत्तेवर आलेले वॉब कनू हे कॅनडातील एखाद्या प्रांताचे पंतप्रधान झालेले पहिले फर्स्ट नेशन्स नेते. मार्च २०२४मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी मिळून ४ कोटी डॉलर दिले.

खटल्यात बचाव पक्षाने खून नाकारले नाहीत, स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचा आधार घेतला. मुख्य न्यायमूर्ती ग्लेन जॉयल यांनी तो फेटाळला आणि ११ जुलै २०२४ रोजी चारही खुनांसाठी त्याला दोषी ठरवले. शिक्षा जन्मठेप, २५ वर्षे पॅरोल नाही. चार खुनांची चार पंचविशी एकापुढे एक जोडता आली नाही, कारण तशी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्येच घटनाबाह्य ठरवली होती.

प्रेअरी ग्रीनमध्ये डिसेंबर २०२४पासून उकरलेला कचरा शेडमध्ये पसरून, संरक्षक पोशाखातील कामगार तो दाताळ्यांनी इंचाइंचाने चाळू लागले. शेजारीच कुटुंबीयांना बसण्यासाठी आणि विधींसाठी इमारत होती. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस अवशेष हाती लागले. मार्चमध्ये आधी हॅरिस आणि दहा दिवसांनी मायरन यांची ओळख पटली. अव्यवहार्य ठरवलेल्या कामाला प्रत्यक्ष चाळणी सुरू झाल्यापासून तीन महिनेही लागले नव्हते.

त्याच महिन्यात मश्कोदे बिझिकी-इक्वे कोण, हेही पोलिसांनी सांगितले : ॲशली शिंगूस, सेंट थेरेसा पॉइंट येथील. हे गाव प्रांताच्या ईशान्येकडे, तळ्यांच्या मुलखात आहे. विनिपेगला यायचे तर विमान, नाहीतर कडक हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून जाणारा रस्ता. तिचे अवशेष ब्रेडी रोडमध्ये असावेत असा पोलिसांचा कयास आहे, आणि तो डेपोही शोधण्याचे प्रांत सरकारने कबूल केले.