दारिद्र्यभान (शिक्षण व सेवाक्षेत्र)

गरिबीत जगणाऱ्या माणसांशी रोजचा संबंध येणारे शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते आणि कचेरीतले कारकून यांनी त्या माणसांच्या परिस्थितीची ठेवलेली जाण आणि त्यानुसार आपल्या कामाच्या पद्धतीत केलेला बदल म्हणजे दारिद्र्यभान. जाण आहे पण पद्धत जुनीच, असे असेल तर गरजूच्या पदरात हळहळीपलीकडे काही पडत नाही.

गरिबीचे मूळ गरिबांच्या सवयींत शोधण्याची खोड जुनी आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या ‘दारिद्र्याची संस्कृती’ या, म्हणजे गरिबीत रुजलेल्या सवयी पिढ्यानपिढ्या चालत राहतात या कल्पनेने तिला शास्त्रीय आधार दिल्यासारखे झाले. पुढे या कल्पनेवर कडक टीका झाली. तरी ‘पालकांनाच मुलांची पर्वा नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येते. पालकसभा दुपारी ठेवली की रोजंदारीवरच्या आईची दिवसभराची मजुरी बुडते, हे मात्र हजेरीपटावर कुठेच दिसत नाही.

पैशाची विवंचना विचारशक्तीलाही व्यापते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हातात पैसा नसताना म्हणजे तोडणीपूर्वी, त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी तोडणीनंतरच्या तुलनेत कमी भरली. माणसे तीच होती, फक्त चिंता कमी-जास्त झाली होती. म्हणून चुकलेली तारीख किंवा अर्धवट भरलेला अर्ज पाहून लगेच बेफिकिरीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

सेवेची मांडणीही अडथळा ठरते. योजना आहे हे कळणे, कागद जमवणे, पुन्हा पुन्हा खेपा घालणे, चारचौघांत उत्पन्न सांगताना ओशाळणे: या सगळ्याला प्रशासकीय ओझे म्हणतात. एकच दाखला तीन खिडक्यांवर मागितला, की तीन दिवसांची कमाई जाऊ शकते. अर्ज सोपा करणे, वेळ संध्याकाळची ठेवणे, चौकशी आडोशाला करणे हे उपाय साधे आहेत आणि उपदेशापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतात. वर्गातही हेच. ‘फी कोणाची राहिली, उभे राहा’ असे सर्वांसमोर विचारले की मूल दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे कारण सांगते. वह्या सरसकट सगळ्यांना दिल्या, तर कोणाकडे बोट दाखवले जात नाही.

या क्षेत्रात जोझेफ व्रेझिन्स्की यांचे नाव घ्यावेच लागते. स्वतः गरिबीत वाढलेल्या या धर्मगुरूंनी १९५७ मध्ये पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्रां येथील बेघरांच्या छावणीत तेथील कुटुंबांसह ‘एटीडी फोर्थ वर्ल्ड’ ही चळवळ उभी केली. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांच्या हाकेवरून पॅरिसमध्ये मोठा मेळावा झाला. हीच तारीख संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून स्वीकारली. गरिबी भोगलेल्या माणसाला त्या विषयाचा जाणकार मानावे, हा या चळवळीचा आग्रह. तिच्या ‘ज्ञानांची सांगड’ या पद्धतीत अशी माणसे, व्यावसायिक आणि संशोधक बरोबरीने बसतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणात असे सहप्रशिक्षक बोलावले, तर त्यांना मानधन द्यायलाच हवे. त्यांचाही दिवस मोडतो.