अमेरिकेतील स्लोव्हेन आणि आशियाई वंशाचे समाज : सामाजिक व आर्थिक तुलना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या स्लोव्हेन (म्हणजे मध्य युरोपातील आजच्या स्लोव्हेनियातील) स्थलांतरितांचे वंशज आणि आशियातील निरनिराळ्या देशांतून गेलेल्यांचे वंशज यांचे उत्पन्न, शिक्षण, घरमालकी, राजकारणातील स्थान आणि बहुसंख्य समाजातील स्वीकार यांची तुलना हा स्थलांतराच्या अभ्यासातील एक उद्बोधक विषय आहे. आज स्लोव्हेन वंशज अमेरिकन श्वेतवर्णीय मध्यमवर्गात जवळजवळ मिसळून गेले आहेत, तर आशियाई वंशाच्या लोकांचे सरासरी उत्पन्न आणि शिक्षण देशात सर्वांत वरच्या पातळीवर दिसते. एवढ्यावरून कोणता समाज अधिक कर्तबगार, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो टिकणारा नाही. कोणता समाज कोणत्या काळात, कोणत्या कायद्याखाली आणि गाठीशी काय घेऊन अमेरिकेत उतरला, यावर पुढच्या तीन-चार पिढ्यांचे आर्थिक भवितव्य फार मोठ्या प्रमाणात ठरले, आणि ही तुलना त्याच अंगाने केली तर अर्थपूर्ण ठरते.

स्लोव्हेन लोकांचे मोठे स्थलांतर साधारण 1880 ते 1914 या काळात झाले. तेव्हा त्यांचा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. वाटण्या होत होत लहान झालेल्या जमिनी, शेतकऱ्यांच्या डोक्यावरचे कर्ज आणि फायलोक्सेरा या किडीने उद्ध्वस्त केलेले द्राक्षमळे ही घर सोडण्याची प्रमुख कारणे होती. जाणारे बहुतेक तरुण पुरुष होते. त्यांना लिहिता-वाचता येत असे, पण कारखान्यातील कसबी कामाचा अनुभव नव्हता. मिनेसोटातील लोखंडाच्या खाणी, मिशिगनमधील कॅल्युमेटच्या तांब्याच्या खाणी, पेनसिल्व्हेनियातील कोळसा, कोलोरॅडोतील प्वेब्लो आणि ओहायोतील क्लीव्हलंड येथील पोलाद कारखाने अशा ठिकाणी त्यांना सर्वांत जड आणि सर्वांत धोक्याचे काम मिळाले. काही वर्षे कमावून गावी परतावे आणि जमीन घ्यावी, हा अनेकांचा मूळ बेत होता आणि बऱ्याच जणांनी तो पारही पाडला. ज्यांनी मुक्काम कायम केला त्यांच्या बायका घरात आठ-दहा बिऱ्हाडकरू पुरुष ठेवून त्यांचा स्वयंपाक आणि धुणी करीत. पहिल्या घराच्या किमतीतील मोठा वाटा अनेकदा या कमाईचा असे, हे खाण-कारखान्यांच्या इतिहासात सहसा नोंदवले जात नाही.

त्याच काळात पॅसिफिक किनाऱ्यावर चिनी, जपानी आणि पंजाबी मजूर रेल्वे, लाकूड गिरण्या आणि शेतमळ्यांत तितकेच कष्ट उपसत होते. त्यांची परिस्थिती स्लोव्हेन मजुरांहून फारशी वेगळी नव्हती. वेगळे होते ते त्यांचे कायद्यातील स्थान. 1790 च्या कायद्याने नागरिकत्वाचा हक्क ‘स्वतंत्र श्वेतवर्णीय’ व्यक्तींपुरता ठेवला होता. स्लोव्हेन मजुराला स्थानिक लोक कितीही हिणवत असले तरी न्यायालयाच्या दृष्टीने तो श्वेतवर्णीय होता. म्हणून तो अर्ज करू शके, काही वर्षांत नागरिक होई, मतदान करी आणि जमीन विकत घेई. आशियाई मजुराला यांपैकी जवळजवळ काहीच शक्य नव्हते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली आणि आधीच आलेल्या चिनी लोकांना नागरिकत्व नाकारले. 1913 मध्ये कॅलिफोर्नियाने, नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशी व्यक्तीला शेतजमीन घेता येणार नाही, असा कायदा केला. त्यात कोणाचे नाव नव्हते, पण त्याचा रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. 1917 च्या कायद्याने भारतासह आशियाच्या विस्तृत पट्ट्यातून होणारे स्थलांतर थांबले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस सर्वसामान्य समजुतीनुसार श्वेतवर्णीय नाही असा निर्णय दिला आणि त्यानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

1924 च्या कायद्याचा फटका दोन्ही समाजांना बसला, मात्र सारखा नाही. या कायद्याने 1890 च्या जनगणनेला आधार धरून प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा ठरवला. स्लोव्हेन प्रदेश ज्यात समाविष्ट झाला होता त्या युगोस्लाव्हियाच्या वाट्याला वर्षाला अवघ्या 671 जागा आल्या. नागरिकत्वास अपात्र मानल्या गेलेल्या आशियाई लोकांना मात्र प्रवेशच नाकारण्यात आला. स्लोव्हेन समाजात नवे लोक येणे थांबले, पण जे आले होते त्यांची मुले अमेरिकन नागरिक म्हणून वाढली आणि पालकही नागरिक झाले. चिनी वस्त्यांत आधीपासूनच स्त्रिया अत्यल्प होत्या. तेथे अनेक पुरुष आयुष्यभर एकटे राहिले आणि दुसरी पिढी फार उशिरा आणि फार लहान निघाली. पिढ्यांची ही तफावत नंतरच्या प्रत्येक आकड्यात दडलेली आहे.

स्लोव्हेन समाजाची आर्थिक जडणघडण कशी झाली याचे सर्वांत स्पष्ट चित्र क्लीव्हलंडमध्ये दिसते. तेथे सेंट क्लेअर ॲव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना स्लोव्हेन प्रदेशाबाहेरील सर्वांत मोठी स्लोव्हेन वस्ती उभी राहिली. 1893 मध्ये सेंट व्हायटस हे स्लोव्हेन चर्चमंडळ स्थापन झाले आणि 1924 मध्ये वस्तीने स्वतःच्या वर्गणीतून ‘स्लोव्हेनियन नॅशनल होम’ ही भव्य वास्तू उभारली. तिच्यात नाट्यगृह, ग्रंथालय आणि सभागृहे होती. परंतु या समाजाचा खरा कणा म्हणजे त्याच्या परस्पर-साहाय्य संस्था. 1894 मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे कॅथलिक मंडळींची संस्था निघाली आणि 1904 मध्ये शिकागोत धर्मनिरपेक्ष, कामगारांकडे झुकलेली ‘एस.एन.पी.जे.’ (स्लोव्हेन राष्ट्रीय साहाय्य संस्था) ही संस्था स्थापन झाली. सभासद दरमहा ठरावीक वर्गणी भरत आणि आजारपणात, अपघातात किंवा मृत्यूनंतर कुटुंबाला ठरलेली रक्कम मिळे. खाणीत छत कोसळून माणूस गेला तर मालकाकडून भरपाईची खात्री नसलेल्या काळात विधवेच्या हाती पडणारी ही रक्कम म्हणजे घर टिकणे आणि घर मोडणे यांतील फरक होता. कॅथलिक आणि स्वतंत्रमतवादी गटांत कडाक्याचे वाद असत, वेगवेगळी वृत्तपत्रे चालत. तरीही विम्याची व्यवस्था दोन्हीकडे सारख्याच शिस्तीने चालली.

20 ऑक्टोबर 1944 रोजी याच वस्तीलगतची ईस्ट ओहायो गॅस कंपनीची द्रवरूप वायूची टाकी फुटली. वायू गटारांतून पसरला, घरे पेटली आणि 130 जणांचा बळी गेला. जळालेल्या घरांत बँकांवर विश्वास नसल्यामुळे घरीच साठवून ठेवलेली रोख बचतही गेली. वस्ती तेथून उठून जाईल अशी भीती होती. परंतु अँटन ग्रदिना या स्लोव्हेन व्यावसायिकाच्या पुढाकाराने पुनर्वसनासाठी एक मंडळ स्थापन झाले, जळालेल्या जागा एकत्र करून नवी घरे बांधण्यात आली आणि पूर्वीची अनेक कुटुंबे परतली. असे पुनर्वसन शक्य झाले त्याला संघटनेची सवय जितकी कारणीभूत होती तितकीच जमिनीवरील कायदेशीर मालकीही होती.

त्याच वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर काय चालले होते ते येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. स्लोव्हेन स्थलांतरितांचा मुलगा फ्रँक लाउशी 1942 ते 1944 या काळात क्लीव्हलंडचा महापौर होता आणि पुढे ओहायोचा गव्हर्नर व सिनेटर झाला. 1942 मध्येच सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते, घरेदारे सोडून कुंपणाच्या छावण्यांत राहावे लागले. त्यांची दुकाने आणि शेती मातीमोल भावाने गेली. सरकारने माफी मागून हयात व्यक्तींना प्रत्येकी 20,000 डॉलर देण्याचा कायदा केला तो 1988 मध्ये. दोन्ही समाजांची दुसरी पिढी एकाच वेळी तारुण्यात होती. एका पिढीला राज्यकारभारात प्रवेश मिळाला आणि दुसरीला संशयित म्हणून कोंडण्यात आले. जपानी वंशाच्या लोकांनी नंतर शिक्षणाच्या बळावर जी प्रगती केली, तिचे मोल या नुकसानीसह मोजावे लागते.

युद्धानंतर स्लोव्हेन समाजाची वर चढण्याची वाट कामगार संघटना, पोलाद उद्योगातील सुधारलेली वेतने, माजी सैनिकांना शिक्षण व गृहकर्ज देणारा 1944 चा कायदा आणि उपनगरांतील घरे अशी राहिली. क्लीव्हलंडमधील कुटुंबे युक्लिडसारख्या उपनगरांत गेली. ही चढण संथ होती. मुले फोरमन, शिक्षक, वकील झाली आणि विद्यापीठीन शिक्षण सर्रास झाले ते तिसऱ्या पिढीत. 1970 नंतर मध्य-पश्चिमेतील कारखाने बंद पडू लागले तेव्हा या समाजातील जे अजून कारखान्यावरच अवलंबून होते त्यांना मोठी झळ बसली.

आशियाई समाजाचा आजचा चेहरा 1965 च्या स्थलांतर कायद्याने घडवला. या कायद्याने देशनिहाय जुने कोटे रद्द केले आणि कौटुंबिक नात्यांबरोबर व्यावसायिक कौशल्याला प्राधान्य दिले. त्याच वर्षी ज्येष्ठांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा कायदा झाल्याने डॉक्टर आणि परिचारिकांची गरज वाढली. 1990 नंतर तात्पुरत्या व्यावसायिक व्हिसाने संगणक अभियंत्यांची भर पडली. मुंबई, पुणे, नागपूरची वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये शिकून गेलेला मराठी तरुण या लाटेतलाच. त्याच्या शिक्षणाचा बराचसा खर्च भारतीय करदात्याने उचललेला होता आणि देशात अतिशय कडक चाळणी पार केल्यावरच तो विमानात बसला होता. 1900 साली सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवर उतरलेल्या शेतकऱ्याच्या मुलाशी त्याची तुलना करताना ही चाळणी विसरली, तर सारे गणितच चुकते.

2019 च्या आकडेवारीनुसार आशियाई कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात तो आकडा) सुमारे 85,800 डॉलर होते, तर सर्व अमेरिकन कुटुंबांचे सुमारे 61,800 डॉलर. भारतीय वंशाच्या कुटुंबांत ते 1,19,000 डॉलरपर्यंत पोहोचले होते आणि 25 वर्षांवरील भारतीयांपैकी 75 टक्के पदवीधर होते. याच वर्षी म्यानमारहून आलेल्यांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न 44,400 डॉलर होते आणि भूतानहून आलेल्या निर्वासितांत पदवीधरांचे प्रमाण 15 टक्के होते. ‘आशियाई’ या एका शीर्षकाखाली इतकी टोकाची स्थिती एकत्र येते की त्या सरासरीने वर्णन कोणाचेच होत नाही. शिवाय आशियाई लोकसंख्येचा जवळजवळ तीस टक्के भाग एकट्या कॅलिफोर्नियात आहे, जेथे घरभाडे आणि घरांच्या किमती ओहायो किंवा मिनेसोटापेक्षा बऱ्याच अधिक आहेत, त्यामुळे डॉलरमधील आकडा राहणीमान जसेच्या तसे सांगत नाही.

स्लोव्हेन खाणकामगारांशी खरोखर तुलना करण्याजोगा आशियाई गट म्हणजे लाओसमधून आलेले ह्मोंग लोक. 1975 नंतर निर्वासित म्हणून आलेले हे डोंगरी शेतकरी मोठ्या संख्येने मिनेसोटातील सेंट पॉल येथे स्थायिक झाले, म्हणजे ज्या राज्याच्या उत्तर भागात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी स्लोव्हेन लोक खाणीत उतरले होते तेथेच. 1990 च्या जनगणनेत ह्मोंग लोकांत दारिद्र्याचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक होते. 2000 मध्ये ते सुमारे 38 टक्क्यांवर आले आणि नंतरही घटत गेले. 2002 मध्ये ‘मी मौआ’ नावाच्या ह्मोंग स्त्रीची राज्याच्या सिनेटवर निवड झाली. खाणींच्या पट्ट्यातील स्लोव्हेन वंशाचे जॉन ब्लॅटनिक 1947 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोहोचले तेव्हा त्यांच्या समाजाला तेथे येऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. नागरिकत्वाची अट आडवी येत नाही तेथे आशियाई शेतकरी समाजही तेवढ्याच किंवा अधिक वेगाने पुढे सरकतो, एवढे या उदाहरणावरून दिसते. मात्र ह्मोंगांना निर्वासितांसाठीचे सरकारी साहाय्य मिळाले, जे स्लोव्हेनांच्या वेळी अस्तित्वातच नव्हते.

मोजणीतही एक मूलभूत विषमता आहे. आशियाई असणे जनगणनेत वंश म्हणून नोंदवले जाते आणि बहुधा पिढ्यान् पिढ्या टिकते. स्लोव्हेन असणे ही स्वेच्छेने सांगितलेली पूर्वजांची ओळख आहे. 2000 च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख लोकांनी ती सांगितली. आजी स्लोव्हेन, आजोबा आयरिश, आई जर्मन वंशाची अशा माणसाने काय लिहावे याचा नियम नाही. जुन्या नोंदींत अनेक स्लोव्हेन ‘ऑस्ट्रियन’ म्हणून गेले आहेत. म्हणून ज्यांनी ही ओळख जपली त्यांचेच उत्पन्न आणि शिक्षण आकड्यांत उतरते.

आर्थिक यश आणि सामाजिक स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आशियाई अनुभवावरून ठळकपणे कळते. स्लोव्हेन आडनावाच्या तिसऱ्या पिढीतील माणसाला ‘तू मूळचा कुठला’ असे सहसा कोणी विचारत नाही. चौथ्या पिढीतील जपानी वंशाच्या माणसाला विचारतात. 1982 मध्ये डेट्रॉइट येथे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगाशी संबंधित दोघांनी बेदम मारले आणि त्यात तो दगावला. जपानी मोटारींमुळे अमेरिकन कामगारांच्या नोकऱ्या जात असल्याचा राग त्यामागे होता. राज्याच्या न्यायालयात आरोपींना तुरुंगवास न होता दंड व परिवीक्षा एवढीच शिक्षा झाली. त्याच मंदीत त्याच प्रदेशातील स्लोव्हेन कुटुंबांच्याही नोकऱ्या गेल्या, पण त्यांच्याकडे परके म्हणून कोणी बोट दाखवले नाही. दुसरीकडे आंतरवांशिक विवाह झपाट्याने वाढत आहेत. 2015 मधील नवविवाहित आशियाई व्यक्तींपैकी 29 टक्के, तर अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी 46 टक्के व्यक्तींनी दुसऱ्या वंशाचा जोडीदार निवडला होता. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांचा जन्म 1965 मध्ये युक्लिडमध्ये झाला. त्यांचे वडील गुजरातमधून आलेले वैद्यकीय संशोधक आणि आई क्लीव्हलंडच्या स्लोव्हेन कुटुंबातील.

संस्थांच्या स्वरूपातही आगमनाच्या काळाची छाप आहे. स्लोव्हेनांनी प्रथम विमा उभारला आणि त्याभोवती गायन, नाटक, वृत्तपत्रे वाढली. 1981 मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाला आणि गावोगावच्या मराठी मंडळांना विम्याची चिंता वाहावी लागली नाही, कारण तो नोकरीसोबतच येत होता. त्यांची शक्ती गणेशोत्सव, नाटके, अधिवेशने आणि मुलांच्या मराठी शाळांकडे वळली. राजकारणात मराठी समाज उशिरा उतरला; बेळगाव परिसरात वाढलेले श्री ठाणेदार 2023 पासून मिशिगनमधून काँग्रेसचे सदस्य आहेत. एस.एन.पी.जे. ही संस्था आजही आयुर्विमा देते, मात्र तिच्या सभासदांपैकी स्लोव्हेन भाषा बोलणारे थोडेच उरले आहेत. क्लीव्हलंडमध्ये सेंट क्लेअर ॲव्हेन्यूच्या जुन्या स्लोव्हेन वस्तीला लागूनच आता ‘एशियाटाउन’ हा चिनी, व्हिएतनामी आणि कोरियन व्यावसायिकांचा भाग वसलेला आहे.