स्वयंसेवी प्रेअरी पुनरुज्जीवन

प्रेअरी पुनरुज्जीवन म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातली उंच गवताची जी कुरणं नांगराखाली नाहीतर झाडोऱ्याखाली गेली, ती पुन्हा उभी करणं. त्यासाठी तिथलीच गवतं आणि फुलझाडं पेरायची, बाहेरून आलेली झाडं काढायची आणि ठरवून जाळ लावायचा. या नोंदीत त्यातला फक्त लोकांनी बिनपगारी केलेला भाग घेतलाय, आणि तोही मुख्यतः इलिनॉय राज्यात शिकागोच्या आसपासचा, कारण चळवळ म्हणून हे काम रुजलं ते तिथेच. 'प्रेअरी' हा शब्द फ्रेंच, अर्थ साधं कुरण. मराठीत त्याला कोणी माळरान म्हणतं पण ते नीट बसत नाही. आपलं माळरान बहुतेक कमी पावसाचं नि पातळ मातीचं, आणि इलिनॉयची प्रेअरी खोल काळ्या मातीची, जिथे बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावर जातं. म्हणून इथे प्रेअरीच ठेवलंय.

प्रेअरी गेली ती मातीमुळेच. जॉन डीअरने 1837 मध्ये इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला, त्याला ही चिकट काळी माती धरत नव्हती, आणि मग बघता बघता सगळीकडे मका आला. 1970च्या दशकात राज्याने नैसर्गिक जागांची मोजणी केली तेव्हा चांगल्या अवस्थेतली प्रेअरी मूळच्या साधारण 0.01 टक्का एवढीच उरली होती. उरली कुठे, तर जुन्या वसाहतकऱ्यांच्या दफनभूमीत आणि रेल्वे रुळांच्या कडेला, म्हणजे जिथे नांगर शिरलाच नाही तिथे. हे तुकडे हिंडून शोधणाऱ्यांत जीवशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. हे तुकडे नसते तर पुढे पेरायला बीच नसतं.

सुरुवात नेमकी कोणाची यावर मतं वेगळी आहेत. एक मत जेन्स जेन्सन या उद्यानरचनाकारापर्यंत मागे जातं. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या बागांमध्ये प्रेअरीची झाडं आणि देखावा मुद्दाम आणला आणि 1913 मध्ये स्थानिक निसर्गप्रेमींची संघटनाही काढली. पण तो हेतू मुख्यतः सौंदर्याचा होता, परिसंस्था परत आणायचा नाही, त्यामुळे त्यांना पूर्वसुरी म्हणणं जास्त योग्य. दुसरं मत, जे बहुतेक ग्रंथांत येतं, ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या आर्बोरेटमचं, म्हणजे वृक्षोद्यानाचं. तिथे जुन्या शेतजमिनीवर 1930च्या दशकाच्या मध्यात नॉर्मन फासेट, आल्डो लिओपोल्ड यांच्या पुढाकाराने आणि थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली प्रेअरी लावली गेली, तिला पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांचं नाव दिलं. जाळ लावल्याशिवाय प्रेअरी टिकत नाही हे प्रयोगाने दाखवण्याचं बरंचसं श्रेय याच कर्टिसना जातं, साधारण 1940च्या दशकात. हे सगळं खरं, पण मॅडिसनला मातीत हात घालणारी पोरं ही मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतली, पगारी होती. लागवडीचं तंत्र तिथून आलं हे मान्य करूनही स्वयंसेवेचा उगम तिथे धरता येत नाही. तिथलीच ग्रीन प्रेअरी जवळजवळ एकट्या हेन्री ग्रीन यांनी हाताने लावली, पण ते स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यामुळे तेही उदाहरण अर्धंच बसतं.

मधला दुवा शिकागोजवळचा. मॉर्टन आर्बोरेटममध्ये रे शुलेनबर्ग यांनी 1962 पासून एक प्रेअरी रोप रोप करून लावली, गुडघ्यावर बसून तण काढत. मग 1975 मध्ये बेट्झ यांच्या सांगण्यावरून फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या गोल त्वरकाच्या (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) आतल्या जागेत पेरणी झाली, पहिला तुकडा जेमतेम 10 एकरांचा, आणि त्याचं बी आसपासच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून लोकांनीच हाताने गोळा केलं होतं. इथे प्रथमच सामान्य माणसं मोठ्या संख्येने दिसतात. तरी पूर्ण अर्थाने स्वयंसेवी प्रकल्प म्हणायचा तर 1977 मध्ये स्टीव्ह पॅकार्ड यांनी शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठी सुरू केलेलाच. जमीन कुक काउंटीच्या वनसंरक्षण विभागाची, परवानगी त्यांची, पण कुठे काय करायचं हे बघणारे आणि प्रत्यक्ष राबणारे आसपासचे रहिवासी. पॅकार्ड पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते हेही महत्त्वाचं. जमीन नांगरून नव्याने पेरण्यापेक्षा असलेल्या गवतातच बी टाकत राहायचं आणि वाट बघायची, ही त्यांची रीत.

याच रीतीतून सव्हानाचा वाद निघाला. ओकच्या झाडांखाली टाकलेलं प्रेअरीचं बी नीट येईना, तेव्हा पॅकार्ड यांनी मांडलं की विरळ ओक आणि खाली गवत-फुलं अशी एक वेगळीच परिसंस्था इथे होती आणि तिची स्वतःची झाडं होती. आधाराला त्यांनी इलिनॉयमधल्या डॉ. मीड या वैद्याची 1846 मधली इलिनॉयच्या वनस्पतींची यादी काढली, ज्यात 'बॅरन्स', म्हणजे विरळ झाडांच्या, जागेची झाडं वेगळी दाखवली होती. जॉन मेंडेलसन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये उलट म्हटलं की हे पुनरुज्जीवन नसून धडधाकट जंगल एका कल्पनेपायी कापणं आहे. मीडची यादी एकट्याने सगळं सिद्ध करत नाही हे खरं, पण जुन्या भूमापनाच्या नोंदीही विरळ ओककडेच बोट दाखवतात आणि आज झुकाव पॅकार्ड यांच्याकडेच दिसतो.

काम ऋतूप्रमाणे चालतं. हिवाळ्यात युरोपातून आलेलं बकथॉर्न हे झुडूप करवतीने कापायचं, बुंध्याला तणनाशक लावायचं (ते फक्त परवानाधारकाने), फांद्यांचे ढीग जाळायचे. उन्हाळ्यात पांढरा मेलिलोट हे बाहेरून आलेलं तण उपटायचं. उन्हाळ्यापासून शरद संपेपर्यंत बी गोळा करायचं, वाळवून, मळून, चाळून त्याचे ओल्या, मध्यम आणि कोरड्या जमिनीसाठी वेगवेगळे मिक्स करायचे आणि थंडीच्या तोंडावर टाकायचे, कारण बऱ्याच बियांना गारठा लागल्याशिवाय कोंब येत नाही. पांढऱ्या झालरीचं प्रेअरी ऑर्किड दुर्मिळ म्हणून तिथे लोक टूथपिकने एका फुलातले पराग दुसऱ्यात नेऊन ठेवतात. मला या सगळ्या कामात हे सगळ्यात हळुवार वाटतं. जाळ मात्र प्रशिक्षित पथकच लावतं, वारा आणि हवेतली आर्द्रता बघून.

1996 मध्ये झाडं तोडणं, धूर आणि तणनाशक यांवरून काही रहिवाशांनी जोरदार विरोध केला आणि कुक काउंटीने काम थांबवलं. काही महिन्यांनी बराच भाग मोकळा झाला पण शेवटच्या काही जागांवरची बंदी उठायला 2006 च्या सुमारास उजाडलं. विरोधक अडाणी होते असं लिहिण्याची पद्धत पडलीय ती बरोबर नाही. घरामागचं हिरवं रान एका रविवारी नाहीसं झालेलं बघणाऱ्याला आधी कोणी विचारलं नव्हतं, ही तक्रार रास्त होती.

इलिनॉयमध्येच नाचुसा (1986 पासून) आणि जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवरचं मिडेविन (1996) या राखीव प्रेअरींत स्वयंसेवक मोठ्या क्षेत्रावर काम करतात, दोन्हीकडे आता बायसनही (उत्तर अमेरिकेतले रानगवे) आणलेत. आयोवा, मिनेसोटा आणि मिसुरीतही असे गट आहेत.