माण तालुका : हवामान आणि पाऊसपाणी

माण हा सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. तालुक्याचं ठिकाण दहिवडी, दुसरं मोठं गाव म्हसवड, आणि हवामान कोरडं, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून जे शिकवतात ते इथं डोळ्यानं दिसतं. याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा लांब नसलेल्या दहिवडीला साधारण साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर, त्यामुळं सातारा जिल्ह्याची सरासरी काढून माणबद्दल काहीही बोलायचं म्हणजे चुकीचंच बोलणं होतं, बातम्यांमध्ये मात्र ते दरवर्षी चालतं.

कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून येणारं पावसाळी वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि सगळा माल घाटमाथ्यावरच रिकामा करतं, पलीकडं उतरताना तेच वारं गरम आणि कोरडं होत जातं. जून-जुलैत कोकणात पूर आलेले असतात, कोयना भरत असते आणि माणमध्ये दिवसभर सोसाट्याचं वारं, वरून पळणारे ढग आणि कधीतरी अंग ओलं होईल न होईल एवढी भुरभुर. धूळ बसते पण ढेकूळ विरघळत नाही. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास निघतं, त्याचा पाऊस म्हणजे मृग, तो पडला तर बाजरी, मटकी, मूग पेरायचे, नाही पडला तर वाट बघायची. म्हणून मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला या घोषणेला इथं फारसा अर्थ नाही, इथला खरा पावसाळा सप्टेंबरमध्ये चालू होतो.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे कारण माणच्या हवामानाचं सगळं मर्म यातच आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून पश्चिमेचं वारं मोडतं, दुपारी उकडायला लागतं आणि उगवतीकडून काळं आभाळ चढतं, गडगडाट होतो आणि तासा-दोन तासात ओढे-नाले भरून वाहतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो पश्चिमेकडं सरकला तर सलग दोन-तीन दिवससुद्धा लागून राहतो. उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रं म्हणजे साधारण १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, यातल्या पावसावर पुढचं वर्ष ठरतं. हस्ताला इथं हत्तीच म्हणतात आणि हत्ती पडला तर भिंती पडतील असं म्हातारी माणसं म्हणायची, तरी तो पडावा म्हणून देवाला साकडं घालायची. वर्षाची सरासरी गाठली पण हे चार आठवडे कोरडे गेले तर ते वर्ष दुष्काळीच समजायचं, उलट जून-जुलै पूर्ण वाया गेले आणि हत्ती बरसला तर निभावतं. पाऊस किती पडला हा प्रश्न माणपुरता दुय्यम आहे, कधी पडला हे आधी विचारायचं.

या पावसावर उभी राहते शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. काळ्या रानात ओल धरली की वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकल्यावर, पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) पेरणी होते आणि त्यानंतर पीक जवळजवळ पावसाशिवाय वाढतं, खाली साठलेली ओल, पहाटेचं दव आणि थंडी एवढ्यावर. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गार असतात, पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी खालीही जातो, आणि ही थंडी शाळूला मानवते. मात्र त्याच दिवसांत आभाळ आलं, दोन-चार दिवस ढगाळ राहिलं तर मावा ही कीड पडून पानं चिकट होतात, चिकटा आला म्हणतात त्याला, आणि दाणा भरत नाही. मुरमाड माळावर ओल टिकतच नाही तिथं बाजरी झाली तर झाली नाहीतर गवत. अलीकडं डाळिंबाच्या बागा वाढल्यात, त्याला कोरडी हवा लागते म्हणून ते इथं जमतं, आणि त्याचे बहारसुद्धा मृग बहार, हस्त बहार असे पावसाच्या नक्षत्रांवरूनच ओळखले जातात.

उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटालाच जाणवायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. ऊन कोरडं असल्यामुळं घाम कमी जाणवतो पण पाण्याचे हाल जास्त, विहिरी तळाला जातात आणि टँकर चालू होतात. तालुक्यातल्याच शिखर शिंगणापूरच्या महादेवाची यात्रा नेमकी चैत्रात, डोंगर तापलेला असताना भाविक कावडी घेऊन मुंगी घाटानं वर चढतात. त्या डोंगरावर मालोजीराजे भोसल्यांनी तलाव बांधून घेतला होता, पाण्याची अडचण किती जुनी आहे ते यावरून कळावं. मे महिन्यात वळीव येतो, गारा आणि वादळासकट, आंबा-डाळिंबाचं नुकसान करतो पण जनावरांना पाणी करून जातो. २०२५ च्या मेमध्ये तर शेजारच्या फलटण-बारामती भागात वळवाच्या दिवसांतच पूर आले आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, असं वर्ष अगदी विरळा.

माणगंगा याच तालुक्यात कुळकजाईजवळच्या डोंगरात उगम पावते आणि पुढं भीमेला मिळते, पण वर्षातला बराच काळ तिचं पात्र म्हणजे वाळू. पाऊस थोड्या दिवसांत जोरात पडत असल्यामुळं नदी येते ती लोंढ्यानं येते आणि लगेच ओसरते.

दुष्काळाची वर्षं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. १९७२ ला धान्यच नव्हतं, लोकांनी खडी फोडली, तलावांची कामं केली, लाल मिलो (अमेरिकेतून आलेली ज्वारी) आणि सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. २००३, २०१२-१३ आणि २०१८-१९ ला धान्य दुकानात होतं पण पाणी आणि चारा नव्हता, म्हणून माणसं जनावरांसकट चारा छावणीत राहायला गेली, म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चालवलेल्या छावणीत कुटुंबंच्या कुटुंबं महिनोन् महिने होती. इथल्या खिल्लार जातीचं जनावर काटक म्हणून टिकलं. मेंढपाळ धनगरांनी तर या हवामानावर पूर्वीपासून उपाय काढलेला आहे, दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं, कोकणाकडं नाहीतर बागायती भागात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर येतात, कारण कोकणातल्या चिखलात मेंढ्यांची खुरं सडतात आणि इथं त्याच दिवसांत कोरडी जमीन आणि कोवळं गवत असतं.

गेल्या काही वर्षांत गावांनी पाणी अडवायचं मनावर घेतलं, चर खोदले, नाले रुंद केले, २०१८ ला टाकेवाडीनं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला. उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी आल्यावर काही गावांत ऊससुद्धा दिसतो. ज्या गावांपर्यंत कालवा गेलेला नाही तिथं मात्र अजून शाळूचं रान नांगरून हत्तीच्या पावसासाठी तयार ठेवतात.