वाक्‌सुबोधता, सार्वजनिक ध्वनिक्षेपणातील
रेल्वे स्थानके, बस स्थानके, कारखाने, क्रीडागारे, जत्रा इ. गोंगाटाच्या ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना ऐकणाऱ्याला जितकी नेमकी कळते, तिला त्या यंत्रणेची वाक्‌सुबोधता म्हणतात. सूचना ऐकू येणे आणि ती कळणे या भिन्न गोष्टी असून आवाज वाढविल्याने पहिली साधली तरी दुसरी साधेलच असे नाही.

सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचा आरंभ कोणापासून मानावा याविषयी एकमत नाही. होरेस शॉर्ट यांनी १८९८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये संपीडित हवेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाचे एकस्व घेतले व पुढे चार्ल्स पार्सन्स यांनी त्यात सुधारणा केल्या. काही लेखक आरंभ तेथून मानतात. शिकागोत १९१० नंतरच्या काही वर्षांत टेलिफोनच्या तंत्रावर आधारलेली घोषणायंत्रणा वापरात होती, म्हणून तिलाही हा मान दिला जातो. तथापि पीटर जेन्सन व एडविन प्रिडॅम यांनी चल-वेटोळ्याच्या (चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने पडदा कंपित करणाऱ्या) ध्वनिक्षेपकाचे डिसेंबर १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे केलेले जाहीर प्रात्यक्षिक हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या यंत्रणेवरून राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे मोठ्या जनसमुदायापुढे भाषण केले.

बोलण्यातील बरीचशी ऊर्जा स्वरांत व कमी कंप्रतांत (दर सेकंदाच्या कंपनसंख्यांत) असते. शब्द ओळखण्यास लागणारी माहिती मात्र मुख्यतः व्यंजनांत, विशेषतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असते. ‘सात’ आणि ‘आठ’ यांतील ‘आ’ गर्दीतही पोचतो. फलाट कोणता हे ज्यावरून ठरते ते क्षीण ‘स’, ‘त’ व ‘ठ’ लोपतात. त्यात निनादाची, म्हणजे भिंती-छतावरून परावर्तित होऊन ध्वनी घुमत राहण्याची, भर पडते. वॉलेस सॅबीन यांना हार्व्हर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असल्याचे आढळले होते. उंच छताच्या स्थानकातही आधीच्या स्वराचा असाच घुमारा पुढच्या व्यंजनाला झाकतो. आवाज वाढविल्यास गोंगाटावर मात होते, पण निनादही त्याच प्रमाणात वाढतो आणि वर्धक कमाल मर्यादेपलीकडे ताणल्यास ध्वनी फाटतो. सूचना सभोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारणतः १० ते १५ डेसिबेल वर असावी, असे मानतात.

सुबोधतेच्या मापनासाठी प्यूट्झ यांनी १९७१ मध्ये व्यंजनहानीची (श्रोत्याला नीट न कळलेल्या व्यंजनांची) टक्केवारी सुचविली. हाउटगास्ट व स्टीनेकेन यांनी त्याच दशकात नेदर्लंड्समध्ये मांडलेला वाक्‌प्रेषण निर्देशांक ध्वनीच्या चढउतारांपैकी किती श्रोत्यापर्यंत टिकतात यावरून ठरतो व ० ते १ असा मोजतात. गोंगाट आणि निनाद या दोहोंचा हिशेब त्यात एकत्र होत असल्याने आंतरराष्ट्रीय मानकाने त्याचाच स्वीकार केला आहे. आपत्कालीन सूचनांसाठी सामान्यतः ०.५ हे किमान मूल्य धरतात.

उपायांत सर्वांत परिणामकारक म्हणजे ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या जवळ आणणे, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. लांब फलाटावर दोनच मोठे कर्णे बसविल्यास १०० मी. दूरच्या कर्ण्याचा आवाज जवळच्यापेक्षा सुमारे ०.३ सेकंद उशिरा येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून कमी शक्तीचे अनेक ध्वनिक्षेपक ठरावीक अंतराने लावून सर्वांचा आवाज श्रोत्याकडे जवळजवळ एकाच वेळी पोचावा यासाठी त्यांना इलेक्ट्रॉनिक विलंब देतात. भिंती व छत यांच्याकडे ध्वनी जाऊ नये म्हणून उभे स्तंभ-ध्वनिक्षेपक वापरतात, कमी कंप्रता छाटतात, तर काही ठिकाणी गोंगाट मोजणारे माइक सूचनेची पातळी आपोआप बदलतात. गाडी धडधडत येत असताना सूचना थांबवून नंतर देणे हा बिनखर्चाचा उपाय होय. भारतीय रेल्वेत गाडीचा क्रमांक एकेक अंक सुटा उच्चारतात. दख्खनच्या राणीचा १२१२३ हा क्रमांक ‘एक दोन एक दोन तीन’ असा ऐकू येतो. ‘त्रेसष्ट’ व ‘त्र्याहत्तर’ यांसारखे जोडअंक त्यामुळे टळतात.

भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाची पातळी त्या जागेच्या सीमेवर क्षेत्रमानकापेक्षा (त्या प्रकारच्या क्षेत्रासाठी ठरविलेल्या ध्वनिपातळीपेक्षा) १० डेसिबेल अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जी कमी असेल तिच्या आत हवी. निवासी क्षेत्राचे दिवसाचे मानक ५५ डेसिबेल असल्याने ही मर्यादा तेथे ६५ वर येते. रहदारीचा प्रत्यक्ष गोंगाट मात्र अनेकदा मानकाहून अधिक असतो. अशा ठिकाणी दूरवर पोचणाऱ्या कर्ण्यांना फारसा वाव उरत नाही.