काळजाला दटावणारा तो कोण?

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या 20व्या सर्गात एक सीन आहे. 20 वर्षांनी घरी आलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्याच घराच्या ओसरीवर, बैलाच्या कातड्यावर पडलाय. घरातल्या दासी खिदळत त्याच्या बायकोच्या मागे लागलेल्या लोकांकडे चालल्यात, आणि ते बघून त्याचं काळीज भुंकायला लागतं, पिल्लांवर उभी राहून अनोळखी माणसावर कुत्री भुंकते ना, तसं. तो छातीवर हात मारून काळजाला म्हणतो, सोस बाबा, याहून वाईट सोसलंयस तू. काळीज ऐकतं, पण तो स्वतः मात्र विस्तवावर भाजायला धरलेल्या, रक्तचरबी भरलेल्या कोथळ्यासारखा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो.

मग यात ‘मी’ कोण? भुंकणारं काळीज, दटावणारा, की तळमळणारा?

1946 मध्ये जर्मन अभ्यासक ब्रुनो श्नेल म्हणाला की होमरच्या माणसांना एकसंध ‘मी’ अजून सापडलेलाच नव्हता, त्यांच्यात ऊर्मीचा थ्यूमोस वेगळा, समजेचा नोओस वेगळा, आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर हा शब्द तर होमर फक्त प्रेतासाठी वापरतो. मला हे कधीच पटलं नाही, कारण आपण दिवसभर काय बोलतो बघा: मन मानत नाही, जीव वरखाली होतोय, डोकं चालत नाहीये, काळजात धस्स झालं. म्हणून काय मराठी माणसाला ‘मी’ नाही? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने 1993 मध्ये श्नेलला जे उत्तर दिलं तेही मला याच्या जवळचं वाटतं. वेगळा शब्द नसला तरी होमरची माणसं विचार करतात, ठरवतात, करतात, आणि हे सगळं करणारा तो अख्खा माणूसच असतो.

पण बदल झालाच नाही असंही नाही. होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याच्या, इलियडच्या सुरुवातीलाच आहे की अकिलीस या योद्ध्याच्या रागाने कित्येक वीरांच्या ‘सायकी’ (प्राण किंवा आत्मा म्हणा) अधोलोकात धाडल्या आणि ‘त्यांना स्वतःला’ कुत्र्यांच्या तोंडी दिलं. म्हणजे सायकी कुठेतरी सावलीसारखी निघून गेली, आणि खरा माणूस तो रणावर पडलेला देह! आता सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो वाचा. इसपू 399, सॉक्रेटिसला थोड्या वेळाने विष प्यायचंय, जुना मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचं कसं? तो म्हणतो, हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर.